इथं का थांबलास?

"सर शिकवतात. मी दाखवतो. मला सर म्हणायचं न्हाई."

आमच्या कॉलेजच्या व्हिडिओच्या खोलीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिलं वाक्य हे ऐकावं लागे. मग म्हणायचं तरी काय, या विचारात तो पोरगा दारातच घुटमळे. त्याला उत्तर ठरलेलं होतं, "चाचा म्हण. आन चपला भाईर काढ."

अशा रीतीने ते मुलांचे चाचा झाले, मुलांमुळे आम्हा प्राध्यापकांचे झाले आणि शेवटी प्राचार्यही त्यांना चाचाच म्हणू लागले. ते मूळचे कंधारचे. वडिलांचं तिथं किल्ल्याच्या वाटेवर घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. चाचा मात्र लातूरला आले, ग्रंथालयात नोकरीला लागले आणि पुस्तकांवर त्यांचा जीव कधी बसलाच नाही. "पुस्तक स्वतःच बोलत बसतंय बाई, आपल्याला बोलू देत न्हाई," असं ग्रंथालयाच्या माणसानं म्हणणं बरं नव्हे, पण ते म्हणत.

मुलांनो, तुम्ही परवा फोनवर विचारलंत की आजी, तुझ्या कॉलेजात सगळ्यात विचित्र माणूस कोण होता? तुमची अपेक्षा एखाद्या तापट प्राध्यापकाची असावी. तसे आमच्याकडे पुष्कळ होते, पण ते सगळे एकाच तऱ्हेने तापट होते. चाचांसारखा मात्र मला पुन्हा कुणी भेटला नाही. पुढचं नीट कळावं म्हणून आधी थोडी माहिती देते.

मी लातूरला इंग्रजी शिकवत होते. गाव तेव्हा डाळमिलांचं आणि तेलबियांच्या बाजाराचं होतं. शिकवणीवर्गांचे मोठमोठे फलक नुकतेच कुठे कुठे दिसायला लागले होते. आमच्या ग्रंथालयाला एका सरकारी योजनेतून टीव्ही, व्हीसीआर आणि कपाटभर व्हिडिओ कॅसेटी मिळाल्या. समुद्र, ज्वालामुखी, माणसाचं हृदय, इंग्रजी नाटकं, जंगलातली जनावरं, असं त्यात पुष्कळ काही होतं. विद्यार्थी पुस्तकासारखी कार्डावर कॅसेट घरी नेऊ शकत. घरी व्हीसीआर फारच थोड्यांकडे असे. पण होस्टेलची मुलं वर्गणी काढून एखाद्या दिवसासाठी टीव्ही-व्हीसीआर भाड्याने आणत आणि दोन सिनेमांच्या मध्ये चाचांची कॅसेट लावत. ज्यांना तेही जमत नसे, ते खोलीतल्या बाकावर बसून पाहत.

कॅसेट म्हणजे जाड पुस्तकाएवढा काळा डबा. त्यात एका चाकावरची फीत दुसऱ्या चाकावर जाते आणि चित्र दिसतं. तुम्ही जिथं थांबाल तिथं फीत थांबून राहते. पुढच्या माणसाला पहिल्यापासून पाहायचं असेल तर ती आधी उलटी गुंडाळावी लागते. गावातल्या प्रत्येक व्हिडिओच्या दुकानात पाटी असे : कॅसेट गुंडाळूनच परत करावी.

चाचांचा नियम याच्या बरोबर उलटा होता. कॅसेट गुंडाळायची नाही. जिथं पाहणं सोडलंत, तिथंच थांबलेली आणून द्यायची.

परत आलेली कॅसेट ते आधी नाकाशी नेत. "ही भज्याच्या कढईजवळ होती." पोरगा मान खाली घाली. "ही गाडीच्या डिकीत होती. पेट्रोलचा वास मारून राहिली." हा वास घेण्याचा कार्यक्रम झाला की क्रोशाचा रुमाल बाजूला करून ते व्हीसीआर उघडत, कॅसेट आत सारत आणि बटण दाबत. पडद्यावर अर्धवट काहीतरी उभं राही. एखादा मासा, एखादा डोंगर, एखादा इंग्रज. मग चाचा खुर्ची फिरवून विचारत, "इथं का थांबलास?"

"लाईट गेली, चाचा."

"पाहुणे आले."

"झोप लागली."

झोप लागली हे उत्तर त्यांना आवडे. खरं बोलल्याबद्दल ते त्या मुलाला लगेच दुसरी कॅसेट देत. जो कॅसेट गुंडाळून आणी, त्याच्याकडे मात्र ते चोराकडे पाहावं तसं पाहत. "थांबायला माझी हरकत न्हाई. का थांबला ते ठाऊक पाहिजे. गुंडाळली म्हंजे गेलं सगळं. आता तू पाहिली का न्हाई पाहिली, कोण सांगंल?"

"मी सांगतो की."

"तू सांगशील! तुझा काय भरवसा?"

आमच्याकडे तुरीच्या, ज्वारीच्या कोठीत किडीसाठी लिंबाचा, म्हणजे कडुलिंबाचा, पाला घालतात. चाचांनी तो प्रत्येक कॅसेटच्या खोक्यात घातलेला होता. माणूस चंद्रावर उतरला त्या कॅसेटीतूनसुद्धा वाळका पाला गळे. आणि सगळ्यात गंमत म्हणजे चाचा प्रत्येक कॅसेट आवाज बंद करून पाहत. "बोलणारा मधी मधी येतो. दिसू देत न्हाई."

मी एकदा वर्गाला इंग्रजी नाटक दाखवायला नेलं, तर त्यांनी आवाज शून्यावर आणून ठेवला. मी चिडलेच. "चाचा, अहो नाटक आहे! ऐकल्याशिवाय कसं कळणार?"

"बाई, ती हिरवी साडीवाली खोटं बोलून राहिली का न्हाई?"

ती साडी नव्हती, गाऊन होता. पण ती खोटं बोलत होती, हे खरं.

"दिसतंय ना तोंडावर? मग ऐकायला कैकू पाहिजे? आधी बघा. मग आवाज लावा आन पटतंय का बघा."

वर्ग हसला. मी त्या दिवशी नाटक दोनदा दाखवलं, एकदा त्यांच्या पद्धतीने आणि एकदा माझ्या. मुलांना त्यांच्या पद्धतीचं जास्त लक्षात राहिलं.

या गुंडाळण्यावरून त्यांचं नांदेडच्या एका ग्रंथपालांशी भांडण झालं होतं. दोघं जुने दोस्त. एकमेकांच्या कॉलेजात कॅसेटी पाठवत. एकदा नांदेडहून ज्वालामुखीची कॅसेट परत आली ती स्वच्छ, मऊ कापडाने पुसलेली आणि पहिल्यापर्यंत नीट गुंडाळलेली. चाचांना हा अपमान वाटला. तिकडे नांदेडकरांना चाचांनी परत केलेली कॅसेट अर्ध्यावर थांबलेली मिळाली होती. त्यांना तो निष्काळजीपणा वाटला. ते अतिशय टापटिपीचे गृहस्थ, टाचणीसुद्धा टाचण्यांच्याच डबीत ठेवणारे. दोघांचं बोलणं बंद झालं ते वर्षानुवर्षं बंदच राहिलं. नांदेड माझं माहेर. मी निघाले की चाचा न विसरता म्हणत, "तिकडं कुणी माझी चौकशी केली तर सांगा, मी मजेत हाय." चौकशी कोणी करत नसे.

आता मंगलकडे येते.

मंगल किल्लारीकडच्या एका खेड्यातली. आईबाप लहानपणीच गेलेले, चुलत्याने वाढवलेली. होस्टेलला राहून बी.एस्सी. करत होती. कमी बोले, पण बाकावर बसून कपाटातली निम्मी जनावरं तिने पाहून काढली होती. चाचांनी "इथं का थांबलीस?" विचारलं तर ती कधीकधी म्हणे, "पुढं काय होईल ते आधी मनात बघायचं होतं." असं उत्तर आलं की चाचा दिवसभर खुशीत असत.

त्या वर्षी गणपतीत ती हत्तींची कॅसेट मागायला आली. गावातलं मंडळ टीव्ही-व्हीसीआर भाड्याने आणणार होतं. "रोज शिनेमाच लावतात, चाचा. एक दिवस हत्ती लावू की गणपतीम्होरं."

नियमाने कॅसेट गावच्या मंडपात नेता येत नव्हती. चाचा म्हणाले, "गणपतीला हत्ती न्हाई दाखवायचा तर कुणाला दाखवायचा? ने. गुंडाळून आणायची न्हाई."

विसर्जन झालं आणि पहाट व्हायच्या आत भूकंप झाला. त्याबद्दल तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं आहेच, मी इथं फार लिहीत नाही. किल्लारीच्या बाजूची गावं बसली. लातूर शहर हललं, घाबरलं आणि कित्येक आठवडे अंगणात झोपलं. चाचांनी व्हीसीआर गोधडीत बांधून घरी आणला आणि आपल्या बाजेशेजारी उघड्यावर ठेवला. "त्यालाबी जीव हाय," ते म्हणत. त्यांच्या बायकोने यावर काय म्हटलं ते मला त्यांनी कधी सांगितलं नाही.

मंगल वाचली. चुलता आणि त्याची दोन लहान लेकरं वाचली. चुलती गेली. कॉलेज सुरू झालं तरी मंगल आली नाही, तेव्हा मदतीचं सामान घेऊन निघालेल्या जीपमध्ये मीही बसले. तिला परत आणायचंच, असं मी ठरवलं होतं. जीप निघणार इतक्यात चाचा एक भलंमोठं गाठोडं घेऊन आले आणि आत टीव्ही आहे हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

"चाचा, तिथं लोकांना पांघरुणं पाहिजेत, आणि तुम्ही टीव्ही नेताय?" आमचे एक तरुण प्राध्यापक म्हणाले.

"पांघरुणंच हायत. टीव्ही त्यात बसलाय."

खरंच होतं. टीव्ही आणि व्हीसीआर त्यांनी घरच्या रजयांत गुंडाळले होते. त्या रजया तिथंच वाटल्या आणि येताना टीव्ही उघडा मांडीवर घेऊन बसले. हे गुंडाळणं मात्र त्यांना चालत होतं, असं मी चिडवलं तर हसले नाहीत.

गाव आता माळावरच्या पत्र्याच्या शेडांमध्ये राहत होतं. मंगल चुलीपुढे होती. मी चुलत्याशी बोलायला बसले. उंच, काटक, शांत माणूस. माझं सगळं बोलणं त्याने ऐकून घेतलं.

"बाई, पोरगी हुशार हाय ते मला ठाऊक हाय. पर घरात बाईमाणूस राहिलं न्हाई. लेकरं बारकी हायत. भाकरी कोण टाकंल? नात्यात एक सोयरीकबी आलीया तिला. हितलं हितंच हाय. लातूर आता बास."

मला इंग्रजीत पुष्कळ मुद्दे येत होते आणि मराठीत एकही नाही. त्याचं काय चुकत होतं? मंगल खाली मान घालून भाकरी थापत होती, पण तिचे हात थांबले होते.

चाचांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. मदतपथकाच्या जनरेटरवर प्लग कुठे लावता येईल, ते पाहून आले होते. येऊन सरळ म्हणाले, "मंगल, कॅसेट कुठाय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ढिगाऱ्यातून वाचलेल्या पोरीला कोणी कॅसेट मागतं का? पण मंगल उठली आणि कॅसेट घेऊन आली. मंडळाच्या पत्र्याच्या पेटीत आरतीच्या टाळांबरोबर ती राहिली होती आणि पेटी सैनिकांनी बाहेर काढली होती. चाचांनी ती नाकाशी नेली. "कापूर," एवढंच म्हणाले.

टीव्ही एका बाकड्यावर मांडला. शेडांमधून लेकरं आली, मग बायका, मग पुरुष. बटण दाबलं. धुळीच्या माळावर हत्तींचा कळप अर्ध्या वाटेत उभा राहिला.

चाचांनी मंगलकडे पाहिलं. आता ते विचारतात की काय, म्हणून मी त्यांचा सदरा धरला. त्यांनी विचारलं नाही. मागून एक म्हातारी म्हणाली, "हितंच लाईट गेली हुती बघा. पोचले का न्हाई हत्ती पाण्याला, कळलंच न्हाई."

"बघू आता," चाचा म्हणाले. आवाज बंद केला आणि स्वतः बोलू लागले. "ही म्होरं चाललीया ती म्हातारी. उजवा कान फाटलेला, दिसला? पाऊस न्हाई, नदी आटली. पर हिला पाण्याची वाट ठाऊक हाय."

"कुणी दावली तिला?" एका लेकराने विचारलं.

"तिच्या आईनं. हत्तींमधी वाट बाईच शिकती आन बाईच शिकवती. बाप्ये हायत की, पर ते नुसते सोंड हलवत हिंडत्यात."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. किती दिवसांनी हसल्या असतील कोण जाणे. चुलता पहिल्यांदा शेडच्या दाराशी पाठ करून उभा होता. मग तो वळला. मग खाली बसला. एक पिल्लू चिखलात रुतलं तेव्हा तो ओरडला, "आरं मागनं रेटा की त्याला! मागनं!" आणि फाटक्या कानाच्या म्हातारीने मागूनच रेटा दिला. हत्ती पाण्याला पोचले आणि सगळ्या माळावर टाळ्या झाल्या.

पडद्यावर मुंग्या आल्या तरी चुलता हलेना. "आन पुढं?"

"पुढं काय?"

"पाऊस पडला का न्हाई? ते रुतलेलं पिल्लू जगलं का?"

चाचांनी व्हीसीआर सावकाश पुसला. "ते दुसऱ्या भागात हाय."

"कुठाय दुसरा भाग?"

"लातूरला. कपाटात."

"मग द्या की कुणाबरोबर धाडून."

"तसं न्हाई देता येत. कार्डावर मिळतं, आन कार्ड कॉलेजच्या पोरापोरींनाच. बाकीच्यांना न्हाई. नियम म्हंजे नियम."

चुलत्याने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मंगलकडे पाहिलं. "दिवाळीपतोर जाऊ द्या तिला," तो म्हणाला. "तंवर माझी बहीण येऊन राहील. पर दिवाळीच्या सुट्टीत दुसरा भाग घिऊन आली तर बघू म्होरलं. रिकाम्या हातानं आली, तर मग ती हितंच आन तिचं कॉलेजबी हितंच."

परत येताना मंगल जीपच्या मागच्या बाकावर कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन झोपून गेली होती. मी हळूच विचारलं, "चाचा, दुसरा भाग मी कधी पाहिला नाही."

"मीबी न्हाई."

"कपाटात नाही?"

"बाई," टीव्हीवर हनुवटी टेकून चाचा म्हणाले, "दुनियेतच न्हाई."

मला आधी हसू आलं आणि मग घाम फुटला. दिवाळी फार लांब नव्हती. लातुरातलं प्रत्येक व्हिडिओ दुकान आम्ही पालथं घातलं. तिथं हत्ती होते, पण नायकाबरोबर नाचणारे. दुसरा भाग म्हणून खपवता येईल अशी हत्तींची एकच कॅसेट जवळपास होती आणि ती कुठे आहे, हे चाचांना पक्कं ठाऊक होतं. कारण ते भांडण होण्यापूर्वी त्यांनीच ती तिथं पाहिली होती.

"नांदेडला जायचं म्हंजे..." ते म्हणाले आणि दोन दिवस माझ्याशीही बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी एस.टी. स्टँडवर हजर होते. बसमध्ये सारखे पुटपुटत होते. मी विचारलं तर म्हणाले, "काय बोलायचं ते बसवून राहिलो." पण नांदेडच्या ग्रंथालयात शिरल्यावर बसवलेलं सगळं विसरले. ना सलाम, ना नमस्कार.

"हत्ती पाहिजे," चाचा म्हणाले.

नांदेडकरांनी चष्मा पुसला, घडी घातली, पुन्हा उघडला, लावला. "या. बसा. आठवण झाली म्हणायची आमची."

"आठवण रोज होती. ज्वालामुखी बघितला की होती."

मी मध्ये पडून मंगलची सगळी हकीकत सांगितली. नांदेडकर टाचणी टाचणीच्या डबीत घालत ऐकत राहिले. ते उठले, कपाट उघडलं आणि कॅसेट काढून टेबलावर टेबलाच्या कडेला समांतर ठेवली. "नेऊ शकता. पण परत करताना गुंडाळून द्यायची. अगदी पहिल्यापर्यंत."

चाचांनी हात पुढे केला होता तो मागे घेतला. वर पंखा करकरत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं, कारण माझ्याकडे पाहून ते हो म्हणाले असं मला व्हायला नको होतं.

"बरं," ते म्हणाले.

"बरं म्हणजे काय? तोंडाने सांगा."

"गुंडाळून देईन!" चाचा इतक्या जोरात म्हणाले की वाचनकक्षातली मुलं वळून पाहू लागली. मग नांदेडकरांनी चहा मागवला. दोघं तासभर एकमेकांच्या कॅसेटींना नावं ठेवत बसले. माझी बस त्यांनी चुकवली.

दिवाळीला मंगल ती कॅसेट घेऊन गावाकडे गेली. सुट्टी संपली. कॉलेज उघडलं त्या दिवशी चाचा सकाळपासून दारात उभे होते आणि मी तास नसताना ग्रंथालयात काम शोधत होते. मंगल आली. तिच्यामागून चपला हातात घेऊन तिचा चुलता आला. त्याच्या काखेत कॅसेट होती.

चाचांनी कॅसेट घेतली. वास घ्यायचं त्यांना भान राहिलं नाही. त्यांनी ती आत सारली आणि बटण दाबलं. दाट हिरव्या जंगलात एक हत्ती सागाचा ओंडका ओढत होता. फीत अगदी सुरुवातीच्याच जवळ थांबलेली होती. चाचांची सवय मात्र जाईना.

"इथं का थांबला?"

"कान बघून," चुलता म्हणाला. "साहेब, हे ते हत्ती न्हाईत. ह्यांचे कान बारके हायत. त्यांचे सुपाएवढे हुते. फाटक्या कानाची म्हातारीबी न्हाई ह्यात. समद्या गावानं वळखलं."

मी डोळे मिटून घेतले. चाचा खुर्चीत बसले. "न्हाई," ते म्हणाले. "ते हत्ती न्हाईत. दुसरा भाग न्हाईच हाय. झूट बोललो मी."

"ते मला तवाच कळलं हुतं," चुलता म्हणाला.

"कवा?"

"तुमी यंत्र पुसाय लागला तवा. इतकं सावकाश कोन पुसतंय?" तो बाकावर बसला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. "पर म्हनलं, ह्या पोरीसाठी एक म्हातारा मानूस एवढं खोटं बोलून राहिलाय, तर आपुनच का आडून बसावं? बहीण ऱ्हातीया माझ्याकडंच, लेकरास्नी तिचा लळा लागलाय. ती सोयरीकबी मी मोडून टाकली. मंगल शिकंल आता." मग त्याने टीव्हीकडे बोट दाखवलं. "आता हे बारक्या कानाचे लावा की. उरलेलं बघून जातो. एस.टी.ला वेळ हाय."

आम्ही चौघांनी ती कॅसेट शेवटपर्यंत पाहिली. चाचा बोलत होते आणि चुलता त्यांच्या चुका काढत होता, कारण ओंडका कसा ओढतात हे बैलांमुळे त्याला जास्त ठाऊक होतं. मंगल बाकाच्या टोकाला बसून हसत होती आणि मध्येच डोळे पुसत होती. संपल्यावर चाचांनी रिवाइंडच्या बटणावर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं.

"बाई, तुमी दाबा. माझ्या हातनं व्हनार न्हाई."

मी दाबलं. फीत घरघरत मागे जात होती तेवढा वेळ चाचा पाठ फिरवून कपाटातला लिंबाचा पाला बदलत होते.

पुढच्या काही वर्षांत लातूर बदललं. गल्लोगल्ली शिकवणीवर्ग निघाले, पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो चौकाचौकात लागले, नांदेडहून, कंधारहून, कुठून कुठून मुलं पाठीला ओझी लावून यायला लागली. आमच्या व्हिडिओच्या खोलीत बाकं घालून तिचा वर्ग केला गेला. चाचा त्याआधीच निवृत्त होऊन कंधारला गेले होते, ते एका अर्थी बरं झालं. मंगल जीवशास्त्र शिकवू लागली, तेही अशाच एका भरगच्च शिकवणीवर्गात. फळ्यापाशी एखादं पोर उत्तर देता देता अडलं तर ती चूक म्हणत नाही. ती विचारते, "इथं का थांबलास?" बिचारं पोर गोंधळून जातं आणि मग पुष्कळदा त्याला पुढचं आठवतं.

मंगलनेच एक दिवस मला फोन केला. तिला कुठेतरी एक सीडी मिळाली होती. त्याच माळावर, त्याच कळपावर काही वर्षांनी पुन्हा केलेली फिल्म. दुसरा भाग दुनियेत आला होता, आम्हाला विचारल्याशिवाय.

आम्ही कंधारला गेलो. मंगल, तिचा चुलता आणि मी. चाचा आता काठी घेऊन चालत होते, पण चपला त्यांनी आम्हाला दारातच काढायला लावल्या. इथंही टीव्हीवर क्रोशाचा रुमाल होता. सीडी हातात घेऊन त्यांनी ती नाकाशी नेली आणि नाक मुरडलं. "ह्याला वासच न्हाई." आवाज अर्थातच बंद केला.

धुळीचा माळ आला. कळप आला. चुलता पुढे सरकला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "हाव! हेच ते. कान बघा!" फाटक्या कानाची म्हातारी मात्र दिसेना. कळपाच्या पुढे दुसरीच एक चालली होती, तरुण, आणि कुठेही न अडखळता.

"तिची लेक असंल," चाचा म्हणाले.

"नायतर पुतणी," चुलता म्हणाला. मंगलने त्याच्या पाठीत हलकेच धपाटा घातला.

पाणी अजून लांब होतं. पिल्लाचं काय झालं ते कळायचं होतं. आणि अशा ऐन वेळी चुलता म्हणाला, "मंगल, थांबीव ते."

तिने थांबवलं. हत्ती माळावर उभे राहिले. चाचांनी काठीवर हात टेकून मान वळवली. तो प्रश्न विचारायला त्यांना किती वर्षांत कोणी मिळालं नसेल.

"इथं का थांबला?"

"उरलेलं म्होरल्या खेपेला बघू," चुलता म्हणाला. "म्हंजे यावं लागतंय."

चाचांनी उठून टीव्हीवरचा रुमाल सारखा केला. मग मला म्हणाले, "बाई, सारी नोकरी विचारत राहिलो. बरोबर उत्तर आज आलं." आणि चहा टाकायला सांगण्यासाठी आतल्या खोलीकडे वळले.